मासे येण्याआधीचं पाणी

संतपूर,
२ सप्टेंबर २०२४

मेव्हणेबुवा मल्लेश यांस काशाप्पाचा आशीर्वाद.

पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर मला आता माणसाचा आवाज येत नाही, नुसता पाट वाहिल्यासारखा आवाज येतो, आणि मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांएवढी. म्हणून हा जुना रस्ता धरला. माझं सातवीपर्यंतचं मराठी अजून शाबूत आहे. तुझं आहे का, की कलबुर्गीत दुकानाच्या पाट्या कानडीत लिहून लिहून विसरलास?

काम असं आहे. तू काचेच्या पेट्यांतून रंगीत मासे विकतोस. माझ्या लग्नात तुला साधी शेळी धरता आली नव्हती, आणि आज चार गावांत जित्राबांचा व्यापारी म्हणून मिरवतोस, याचं मला आजवर हसूच येत आलं. आता तुझ्यापुढेच हात पसरतोय. मला एक पेटी पाहिजे.

गेल्या दिवाळीला मेंढ्या देऊन टाकल्या हे तुला ठाऊक आहे. का दिल्या ते मी कुणाला धड सांगितलं नाही. कान गेले, माणसांचं बोलणं गेलं, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. तुझ्या अक्काचं निम्मं बोलणं तरी वाचलं. पण कळपाच्या गळ्यातल्या घंटाही गेल्या. दोन मेंढ्या चुकून लोकांच्या तुरीत शिरल्या आणि मला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी सापडल्या, त्यातली एक कुत्र्यांनी फाडलेली. ज्याला कळप ऐकू येत नाही त्याने कळप राखू नये, असं मनाशी म्हणालो आणि चिंताकीच्या हणमंतप्पाला सगळ्या देऊन मोकळा झालो.

मोकळा कसला. उजाडायच्या आत डोळे उघडतात आणि पाय आपसूक मेंढ्या कोंडायच्या वाडग्याकडे जातात. ऊन वर येईपर्यंत त्या रिकाम्या कुंपणात बसतो आणि घरी येतो. आमच्या पोराला, माउलीला, हैदराबादेत कुणीतरी हे सांगितलं. तेव्हापासून तो सारखा म्हणतोय, "अप्पा, तिथं काय ऱ्हायलंय तुमचं? या हिकडं." तुझ्या अक्काला गाव सोडवत नाही. मी म्हणालो, राखायला काही असलं तर इथे राहीन, नाही तर जाईन त्याच्या चौथ्या मजल्यावर बसायला.

मासे ओरडत नाहीत, त्यांच्या गळ्यात घंटा नसते. ते नुसत्या डोळ्यांनी राखायचे, आणि डोळे माझे अजून घारीचे आहेत. तेव्हा चांगली उंच, मोठी पेटी पाठव. मासे वीस-पंचवीस असू देत. त्यात एखादा म्होरक्या बघून टाक, म्हणजे बाकीचे त्याच्यामागे जातील.

तुझा,
काशाप्पा

--

कलबुर्गी,
९ सप्टेंबर २०२४

ती. दाजींना मल्लेशचा दंडवत.

पत्र पोचलं. आमच्या सौ. श्रीदेवीने ते आधी फोडलं, दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं आणि मग माझ्या हातात दिलं. शेळीचं लिहायला नको होतं. ती शेळी मारकी होती, हे मी पस्तीस वर्षं सांगतोय.

उंच पेटी मी देणार नाही. माशांना लागणारी हवा पाण्याच्या वरच्या अंगाने मिळते. पेटी पसरट असली की त्यांना बरं, रांजणासारखी उभी असली की त्यांचा जीव घुसमटतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी करून ठेवतो. पाच घागरी पाणी बसेल. त्यात मासे सहा. वीस-पंचवीस हा तुमचा मेंढ्यांचा आकडा झाला. आणि म्होरक्या माशांत नसतो दाजी, सगळे आपापल्या मनाचे मालक.

पेटीआधी जागा ठरवा. पाणी, काच, खडे मिळून भरल्या पोत्याएवढं वजन होतं, आणि एकदा भरली की हलवता येत नाही. टीव्हीच्या टेबलावर ठेवाल तर टेबल, टीव्ही आणि पेटी तिन्ही जातील. उन्हात नको, पाणी हिरवं होतं. चुलीजवळ नको. दारात तर नकोच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची तुमची हौस मला माहीत आहे, पण ज्यांना बघायचं असेल ते आत येऊन बघतील. खाली विटांचे दोन खांब, वर शहाबादी फरशी, तिच्यावर थर्माकोल आणि मग पेटी. फरशी अगदी पाणसळीत पाहिजे. एका कोपऱ्यावर भार गेला की काच तडकते.

आणि अक्काला विचारलंत का? लहानपणी मी हात न धुता घागरीला शिवलो होतो, तर तिने भरली घागर अंगणात ओतली आणि मला पुन्हा विहिरीवर पाठवलं होतं. तिच्या घरात खडे, वाळू आणि मासे घेऊन जाताय, जपून.

आपला,
मल्लेश

--

संतपूर,
२२ सप्टेंबर २०२४

चि. मल्लेश यास,

पेटी सुखरूप आली. तुझा टेम्पोवाला मन्नाएखेळ्ळीला हायवेवरच्या हॉटेलात ठेवून गेला, तिथून मी जीपमधून आणली. माझ्या घोंगड्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. हॉटेलवाल्याने ती बघून विचारलं, "काका, देव बसवायलाय का ह्याच्यात?" ओठांवरून मला कळलं, पण ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचे हे फायदे तुला कळायचे नाहीत.

माझ्या बाजेसमोरच्या भिंतीला बसवली. पडल्या पडल्या दिसते. तू पाणसळ म्हणालास, माझ्याकडे ते अवजार कुठलं? तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं. ते दाराकडे धावलं. फरशी उचलली, खाली चिपा घातल्या, पुन्हा ओतलं. आता माजघराकडे धावलं. पाचव्या खेपेला पाणी जागच्या जागी थांबलं, तेव्हा मी पण खाली बसलो.

तुझ्या दुकानातले निळे-गुलाबी खडे मी वापरणार नाही, ते तुझे तुला ठेव. मांजरा नदीच्या पात्रातून हरभऱ्याएवढे खडे वेचून आणले. मी सात पाण्यांनी धुतले. तुझी अक्का म्हणाली, "ह्याला धुतलं म्हणतेत व्हय?" आणि आठव्या पाण्याला स्वतः बसली. पेटीबद्दल तिचं म्हणणं एवढंच, "माशाला कामून एवढी मोठी जागा? आपल्या न्हाणीत माणूस वळत न्हाई." पण काच तिनेच पुसली, तीनदा.

पाणी भरून, ते गाळणारी मोटार लावून तयार आहे. आता मासे पाठव. उशीर करू नकोस.

काशाप्पा

--

कलबुर्गी,
२८ सप्टेंबर २०२४

ती. दाजींना नमस्कार.

मासे एवढ्यात मिळणार नाहीत. रागावू नका, कारण वाचा.

तुमचं पाणी नवं आहे, म्हणजे कच्चं आहे. मासे ज्या पाण्यात राहतात त्यातच त्यांची घाण होते, आणि ती त्यांना विषासारखी लागते. ती खाऊन टाकणारे बारीक जीव, आपल्या डोळ्यांना न दिसणारे, पाण्यात, खड्यांत आणि मोटारीच्या स्पंजात धरावे लागतात. त्याला महिना लागतो. दूध विरजल्यासारखंच आहे. विरजण लावलं की भांडं हलवायचं नाही आणि सारखं उघडून बघायचंही नाही. तुम्ही रोज चिमूटभर माशांचं खाद्य पेटीत टाकायचं, कुणी खायला नसलं तरी. त्यावर ते जीव वाढतात. पाणी काढायचं नाही, बदलायचं नाही. आटलं तर तेवढंच वरून घालायचं, आणि तेही नळाचं ताजं नको. एक दिवस उघडं ठेवलेलं घाला, म्हणजे टाकीत टाकलेल्या औषधाचा वास उडून जातो.

एक महिना. मेंढी पाच महिने गाभण असते तेव्हा तुम्ही तिला घाई करत नव्हता.

मोटारीचा आवाज फार येतो का? येत असेल तर खाली रबराचा तुकडा घाला.

आपला,
मल्लेश

--

संतपूर,
२० ऑक्टोबर २०२४

चि. मल्लेश यास,

मोटारीचा आवाज फार येतो का, हे तू मला विचारतोस! तुझ्या दुकानात आंधळ्यांना रंग विचारत असशील. तुझी अक्का म्हणते येतो. मला काचेला तळवा लावला की बारीक थरथर लागते, मेंढीच्या बरगडीला हात लावल्यासारखी. बरं वाटतं.

तू सांगितलंस तसं करतोय. रोज संध्याकाळी चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकतो आणि समोर बसतो. गावात बातमी झाली आहे की काशाप्पा बिनमाशांच्या पाण्याला चारा घालतो. हणमंतप्पा मेंढ्या घेऊन इकडून चालला होता, मुद्दाम आत आला. कमरेवर हात ठेवून पेटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, ह्यातले मासे चरायला गेलेत काय?" बाहेर त्याच्याबरोबर माझ्या मेंढ्या उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पेटीकडेच बघत होतो.

पण मल्लेश, पाणी दह्यासारखं लागलंय असं मला वाटतं. संध्याकाळी टाकलेलं खाद्य सकाळी मी वाडग्याहून येईपर्यंत बेपत्ता होतं, एक कण उरत नाही. तुझे ते न दिसणारे जीव चांगले खादाड दिसतात. आणि पाणी असं निवळशंख की पेटीत पाणी आहे की नाही ते बोट घालून बघावं लागतं. काचेवर डाग नाही, ओघळ नाही. पहिल्या दिवशी होती तशीच्या तशी. नुसत्या डोळ्यांनी राखली तरी राखण अशी होते बघ.

घरी सोयाबीन आलं. तुझ्या अक्काची कंबर महिनाभर धरली आहे, उठताना भिंतीचा आधार घेते. यंदा ती सोयाबीन काढायलाही गेली नाही, तरी कंबर कशाने धरली कळत नाही. विचारलं तर हात झटकते. सकाळी मात्र घर असं पुसून काढते की बाजेखालची जमीनसुद्धा ओली असते. तू तिला फोन करून जरा दम दे. माझ्यापेक्षा तुझं ऐकते, तुला ऐकू येतं म्हणून.

महिना होत आला. आता तरी मासे दे.

काशाप्पा

--

कलबुर्गी,
२६ ऑक्टोबर २०२४

ती. दाजींना नमस्कार.

मान गये, दाजी. तीस वर्षं या धंद्यात आहे, पण इतक्या स्वच्छ पेटीत पाणी लागलेलं मी पाहिलं नाही. खाद्य नाहीसं होतंय म्हणजे जीव धरले. तुमच्या हातालाच यश आहे, मग ती मेंढी असो नाही तर पाणी.

दिवाळी झाली की ६ तारखेला टेम्पोबरोबर सहा मोली पाठवतो. दोन काळ्या, दोन नारिंगी, दोन चांदीच्या रंगाच्या. आपल्याकडचं पाणी जड असतं आणि या जातीला जडच मानवतं. पिशवी तशीच, तोंड बांधलेली, अर्धा तास पेटीत तरंगू द्या. मग थोडं थोडं पेटीचं पाणी पिशवीत घाला आणि शेवटी मासे हळूच सोडा. नव्या मेंढीला कळपात सोडताना करता तसं. त्यांना रंग लावून खूण करायची गरज नाही, रंग घेऊनच येतात.

अक्काला फोन केला होता. म्हणाली, "कंबर हाय, धरती कवाबवा." दम द्यायच्या आत तिनेच मला दम दिला.

मल्लेश

--

संतपूर,
७ नोव्हेंबर २०२४

मल्लेश,

आले रे! काल संध्याकाळी पाच वाजता सोडले. चांदीवाल्यांतली एक नुसती कडेकडेने फिरते, तीच म्होरकी आहे, तू काही म्हण. बाकीचे तिच्यामागेच जातात. रात्री मी जेवण बाजेवरच घेतलं. आज सकाळी, वर्षात पहिल्यांदा, वाडग्याकडे जायला पायच निघेनात. तुझ्या अक्काने ढकलून पाठवलं, "जावा, फिरून या, मासे कुठं पळून जायनात." गेलो आणि निम्म्यातून परत फिरावंसं वाटलं, पण तुझ्या बहिणीचा धाक.

काशाप्पा

--

संतपूर,
१२ नोव्हेंबर २०२४

मल्लेश यास,

चार गेले. दोन काळ्या, एक नारिंगी, आणि ती चांदीची कडेने फिरणारी. मी एकही दिवस जास्त खायला घातलं नाही. तू सांगितलंस तेच केलं.

उरलेले दोन तळाशी बसून आहेत. त्यांना हात लावायची मला भीती वाटते. मेंढ्या गेल्या त्या कानांपायी, असं मी धरून चाललो होतो. आता वाटतं हातातलंच गेलं असेल. जे माझ्या हाताखाली येतं ते जगत नाही.

माउलीला कळवलंय की संक्रांत झाली की येतो. पेटी कुणाबरोबर पाठवू ते लिही.

काशाप्पा

--

संतपूर,
१४ नोव्हेंबर

मल्लू,

अक्काचा आशीर्वाद. तुझ्या दाजींना न सांगता लिहायलेय. फोनवर बोलले तर ओठांवरून ओळखतील. चौथीचं शिक्षण, चुका काढू नको.

मासे मी मारले.

तुझी पेटी आली तवापासून हे पहाटं वाडग्याकडं गेले की मी पेटी उपसायची. तांब्यानं. खडे धुवायचे, काच फडक्यानं पुसायची, मोटारीतला तो स्पंज पिळून काढायचा, आणि नळाच्या पाच घागरी ताजं पाणी भरायचं. हे यायच्या आत जमीन पुसून घ्यायची. मल्लू, आपल्या घरात कुत्र्याला सुदीक कधी शिळं पाणी पाजलं न्हाई. आणि ती दवाखान्याकडची आशावर्कर ज्योती येते, घरोघरी भांडी बघती, म्हणती आठ दिसावर पाणी ठिवू नका, डास व्हतेत. मला वाटलं एवढ्या हौसेनं मासे येणार, त्यांना काय महिन्याचं शिळं पाणी द्यायचं? मासे आल्यावर बी थांबले न्हाई. चाळणीत धरून बादलीत ठिवायचे, पाणी बदलायचं, परत सोडायचे. लई फडफडायचे रे. मला वाटायचं खेळायलेत.

परवा काय चुकलं म्हणून तुझी जुनी पत्रं ट्रंकेतून काढून वाचली. दह्याचं लिहिलंस ते वाचलं तवा उमगलं. मी रोज विरजण सांडून नवं दूध घालत होते.

त्यांना सांगायला जीभ उचलंना. रागावतील म्हणून न्हाई, रागावले तर बरंच. पर म्हणतील, कान गेले, आता घरात डोळ्यासमोर चाललेलं बी मला दिसंना झालं. डोळ्यांवर तर सगळी मदार हाय त्यांची. काल पेटीकडं पाठ करून जेवले. आधी संध्याकाळी काचेला हात लावून बसायचे, आता बसंनात.

आता पाण्याला मी हात लावत न्हाई. दोघं अजून जगलेत. तू काय तरी कर. मला हैद्राबादला जायचं न्हाई, आणि असे गप बसलेले ते घेऊन तर जायचंच न्हाई. उत्तर मला धाडू नको, पोस्टमन त्यांच्याच हातात देतो.

रेणुका

--

कलबुर्गी,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. दाजींना मल्लेशचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मान खाली गेली. दाजी, चूक माझी आहे. ते मासे मुळातच आजारी होते. ज्या टाकीतून काढून दिले तिच्यातले बाकीचेही इथे गेले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दिवाळीच्या गडबडीत मी नीट बघितलं नाही. तुमच्या हातात काही कमी नाही. उलट अशा आजारी माशांतले दोन तुमच्याकडे जगले, ते दुसऱ्या कुणाकडे जगले नसते.

पेटी पाठवू नका. तिकीट काढू नका. उरलेल्या दोघांचं खाणं निम्मं करा. पाणी मात्र सगळं कधीच बदलू नका. सहा आठवडे असंच राहू द्या, मग मी स्वतः नवे मासे घेऊन येईन, फुकट. दुकानाची चूक दुकानाने भरायची.

आपला अपराधी,
मल्लेश

--

संतपूर,
२ डिसेंबर २०२४

चि. मल्लेश यास काशाप्पाचा आशीर्वाद.

तुझं अपराधाचं पत्र मी चार वेळा वाचलं. मल्लेश, पस्तीस वर्षांत तू एक चूक कबूल केलेली मला आठवत नाही. शेळीसुद्धा मारकी होती. आणि आता एकाएकी चारही मासे अंगावर घेतोस, स्वतःचा माल स्वतः खराब म्हणतोस, वर नवे फुकट देतोस? कलबुर्गीतला दुकानदार असं बोलायला लागला की मेंढक्याला वास येतोच.

म्हणून पाठ फिरवून बसलो होतो तो पुन्हा पेटीसमोर बसलो आणि नीट बघायला लागलो. काचेच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच बोटाला बुळबुळीत लागलं. शेवाळ. मग माझंच मला हसू आलं. मेंढ्यांच्या पाण्याच्या हौदाला आठ दिवसांत शेवाळ धरतं, हे मी चाळीस वर्षं बघत आलो. ज्याला महिनाभर धरत नाही तो हौद कुणीतरी रोज घासतंय. आणि मी तुला लिहीत होतो, बघ माझी राखण! घारीचे डोळे म्हणत होतो. डोळे होते, पण बघत होतो फक्त काचेकडे.

मग बाकीचं एकेक जुळत गेलं. सकाळी ओली जमीन. खाद्याचा कण न उरणं. मला वाडग्याकडे ढकलून देणं. आणि तुझ्या अक्काची कंबर, जी मासे गेल्यापासून दुखायची थांबली.

मल्लेश, पाच घागरी उपसायच्या आणि पाच भरायच्या. रोज. तिचं वय तुला ठाऊक आहे. आणि त्यातले पहिले दीड महिने तर पेटीत एकही मासा नव्हता. जे अजून आलेच नव्हते त्यांना शिळं पाणी मिळू नये म्हणून ती भिंत धरून उठत होती. आणि मी तेव्हा कुठे होतो, तर रिकाम्या वाडग्यात, माझ्या घरात आता काही राखायला उरलं नाही म्हणून तोंड पाडून बसलेला. मला रडू आलं. तुला लिहायला हरकत नाही, तू मला लग्नात घोड्यावरून पडताना बघितलेलं आहेस.

तिला यातलं काही सांगू नकोस. मला कळलंय हे तिला कळलं तर लाजेने आठ दिवस माझ्याशी नीट बोलणार नाही, आणि मला ते ऐकू आलं नाही तरी कळतं. मी फक्त तिला म्हणालो, "मल्लेशनं लिवलंय, दर मंगळवारी एक घागर काढायची आणि एक घालायची. सगळं पाणी न्हाई, एकच. घागर मी उचलणार. तू नुसती मोजायला हुभी ऱ्हा." तू असं लिहिलेलं नाहीस, पण पुढच्या पत्रात लिहून टाक. आणि घालायची घागर आदल्या दिवशी भरलेली पाहिजे, हेही तूच मागे लिहिलं होतंस.

माउलीला कळवलंय, संक्रांतीला तूच ये, पोरांना घेऊन. आम्हाला इथे काम आहे. काळ्या आणि चांदीच्या उरल्या नाहीत, पण एक नारिंगी आणि ती दुसरी चांदीची आता वर येऊन खातात. बरोबर लिहितो, चांदीची एक उरली आहे. हल्ली माझीच मोजणी चुकते, म्हणून मोजायला तिला ठेवलंय.

वाडग्याकडे अजून जातो. पण लवकर परत येतो.

तुझा,
काशाप्पा

(खाली, दुसऱ्या शाईने)

मल्लू, हे पत्र डकवून पोस्टात टाक म्हणून त्यांनी उघडंच माझ्या हातात दिलं आणि फिरायला गेले. आजवर एक पाकीट कधी माझ्याकडं दिलं न्हाई, डिंक लावून स्वतःच घेऊन जायचे. वाचावं म्हणूनच दिलं असंल. वाचलं. दोनदा वाचलं.

तू उत्तरात काही लिहू नको. त्यांना कळलंय हे मला कळलंय, एवढं त्यांना कळू दे आपोआप.

आज सोमवार. उद्याची घागर मी सकाळीच भरून झाकण न घालता ठेवलीय. दिवसभर चार वेळा हात गेला, ओतून टाकावी म्हणून. ओतली न्हाई. ह्या घरात पहिल्यांदा मी जाणून शिळं पाणी ठेवलंय.